आवाज मागून येतो

"पडला! पडला!" म्हणत शिवांगी टाळ्या पिटून हसली. तिच्या पाठोपाठ वैजनाथ हसला. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली बबिताही हसली. आणि सगळ्यांचं हसून होत आलं तेव्हा कुठे टीव्हीतून धप्पकन आवाज आला आणि कुणीतरी "आई गं!" म्हणून विव्हळलं.

आता हसावं की न हसावं, हे तुळजाबाईंना कळेना.

"आधी हसलाव तुमी," त्या म्हणाल्या, "अन् पडला नंतर. असं कसं?"

"आज्जी, तो आधीच पडलाय. आवाज मागून येतो."

"मागून म्हंजे?"

"म्हंजे उशिरा गं. ब्लूटूथवर हाय ना ते. चित्र आधी, आवाज मागून."

तुळजाबाईंनी मान हलवली, पण त्यांच्या डोक्यात काही शिरलं नाही. चित्राच्या मागून आवाज येतो, हे ज्याला चित्र दिसतं त्याला ठीक. ज्याला ते दिसतच नाही, त्याचा आवाज कशाच्या मागून येतो?

दोन वर्षांपूर्वी साखरेनं त्यांचे डोळे नेले. आधी डावा गेला, मग लातूरला दोनदा लेझर करूनही उजवा गेला. त्याआधी चाळीस वर्षं अहमदपूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांनी ब्लाउज शिवले. गल्लीतल्या बायकांची मापं वहीत लिहून ठेवायची त्यांना कधी गरज पडली नाही. एकदा पाठीवरून हात फिरवला की माप डोक्यात बसायचं. पायानं चालवायच्या एका मशीनवर त्यांनी मुलाला, वैजनाथला, शिकवलं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून तो लागला तोवर त्यांची मशीन थांबली नव्हती. आता मशीन जिन्याखाली होती, आणि तुळजाबाई हॉलमधल्या दिवाणावर.

दिवस कसाबसा जायचा. संध्याकाळ मात्र त्यांची हक्काची होती. सात वाजता घरातली चारही माणसं एका खोलीत यायची ती टीव्हीमुळे. जुना डबा होता तोवर काही अडचण नव्हती. त्याचं तोंड पुढं, आवाजही पुढं. दिवाळीत वैजनाथनं भिंतीवर मोठा पातळ टीव्ही लावला आणि सगळं बिनसलं. चित्र एकदम झकास आहे, असं सगळे म्हणायचे. आवाज मात्र टीव्हीच्या पाठीतून निघून भिंतीवर आपटायचा आणि घागरीत तोंड घालून कुणी बोलावं तसा घुमत यायचा. बाई कोण, बाप्या कोण, सासू कोणती, सून कोणती, काही उमगायचं नाही.

"आता कोण बोललं?" त्या विचारायच्या.

"थोरली जाऊ," शिवांगी सांगायची.

"अन् हे कोण रडून राहिलंय?"

"थांब ना आज्जी, पुढचं ऐकू येत न्हाई."

पोरीचंही खरं होतं. म्हणून तुळजाबाई विचारायच्या बंद झाल्या.

मग एका संध्याकाळी "येऊ का आत?" असं कुणीतरी विचारलं. तुळजाबाई पटकन म्हणाल्या, "ये की बाई, दार उघडंच हाय!" खोलीत हशा पिकला. ती टीव्हीतली बाई होती. तुळजाबाईही हसल्या सगळ्यांबरोबर. पण त्या दिवसापासून कुणाच्याही हाकेला ओ द्यायच्या आधी त्या थांबू लागल्या. पाय वाजतात का, कडी वाजते का, याचा कानोसा घेऊ लागल्या. त्यातच एका दुपारी शेजारची पार्वतीबाई दारात येऊन "तुळजाबाई, हायेत का घरात?" म्हणाली, दोनदा म्हणाली, आणि टीव्ही चालू असल्यामुळे तुळजाबाई गप्प बसून राहिल्या. पार्वतीबाई उलट्या पावली परत गेली. पंधरा दिवस फिरकली नाही. "समोर बसून बोलल्या न्हाईत, एवढा कसला राग," असं ती बबिताला म्हणाली, तेव्हा कुठे घरात कळलं.

"मायचं डोकं जरा भरकटून राहिलंय," वैजनाथ रात्री जेवताना हळू आवाजात बायकोला म्हणाला. तेवढं मात्र तुळजाबाईंना स्वच्छ ऐकू आलं.

वैजनाथ वाईट मुलगा नव्हता. त्याच आठवड्यात तो साउंडबार घेऊन आला. तुळजाबाईंनी हात फिरवून पाहिला. दोन हात लांबीची पट्टी, पुढून जाळीदार कापड, वर चार बटणं. सोबत एक जाड वायर होती. ती टीव्हीला लावली, पण आवाज काही आला नाही. मग डिश बसवणाऱ्या पोराला बोलावलं. त्यानं टीव्ही आणि भिंतीच्या फटीत टॉर्च मारली आणि निकाल दिला, "काका, दोनच एचडीएमआयची भोकं हायेत. एकात तुमचा बॉक्स, एकात हे. पण एआरसी न्हाई तुमच्या टीव्हीला. एआरसी असल्याबिगर आवाज बाहेर येत न्हाई. ब्लूटूथवर चालवा."

ब्लूटूथवर आवाज आला. घागर गेली, शब्द सुटे झाले. तुळजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दुसऱ्याच दिवशी बबिता म्हणाली, "ह्यांचे ओठ एकीकडं अन् बोलणं एकीकडं. बघून डोकं दुखायलंय." शिवांगीलाही ते बघवेना. कुणी सांगितलं, ऑप्टिकल वायर आणा. वैजनाथनं लातूरहून आणली, तर ती घालायला टीव्हीला जागाच सापडेना. कुणी सांगितलं, हेडफोनच्या भोकातून ऑक्सची वायर काढा. तशी काढली, तर आवाजापेक्षा माशीची घूंघूं जास्त. शेवटी अशी तोड निघाली की दिवसा तुळजाबाई एकट्या असताना साउंडबार लावायचा, आणि संध्याकाळी सगळे बसले की बंद करायचा.

म्हणजे घरात कुणी नसताना त्यांना शब्द मिळायचे, आणि सगळे जमले की पुन्हा घागर. आजच्यासारखं एखाद्या दिवशी साउंडबार चालू ठेवलाच, तर लोक आधी हसायचे आणि माणूस नंतर पडायचा. आपलं डोकं भरकटलं आहे की टीव्हीचं, हे त्यांना खरोखरच सांगता आलं नसतं.

हसणं ओसरल्यावर वैजनाथ म्हणाला, "रविवारी लातूरला जातो. दुकानात परत देऊन टाकतो हे धूड."



*

शुक्रवारी सकाळी तिघं आपापल्या वाटेनं गेली आणि अकराच्या सुमारास समोरचा संगप्पा पेपर घेऊन आला. संगप्पा मूळचा देवणीकडचा, वीज मंडळात लाईनमन होता. रिटायर झाल्यापासून रोज येऊन तो तुळजाबाईंना बातम्या वाचून दाखवायचा, निधनवार्तांपासून सुरुवात करून.

"पेपर ठेव तिकडं," तुळजाबाई म्हणाल्या. "कपाटात खालच्या खणात टीव्हीचं पुस्तक हाय. ते वाच."

संगप्पानं पुस्तक काढलं, पानं उलटली. "अक्का, हे इंग्रजी हाय."

"पस्तीस वर्षं नोकरी केलास. अक्षरं तर येतात?"

"अक्षरं येतात. अर्थ येत न्हाई."

"अक्षरंच वाच."

चष्मा पुसून तो वाचू लागला. बराच वेळ नुसती पानं वाजली. मग म्हणाला, "हितं टीव्हीच्या पाठीचं चित्र हाय. एच, डी, एम, आय, एक. मंग दोन. मंग तीन. अन् तीनच्या म्होरं कंसात ए, आर, सी."

तुळजाबाई ताठ बसल्या. "तीन?"

"तीन लिहिलंय."

"डिशवाला तर दोन म्हणला. अन् एआरसी न्हाईच म्हणला."

संगप्पा उठला, भिंतीला गाल लावून फटीत टॉर्च मारली. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "दोनच हायेत, अक्का. छापणाऱ्याची चूक झाली असंल."

पुस्तकात तीन, भिंतीवर दोन. तुळजाबाईंना काही सुचेना. ज्यांना डोळे होते, त्या सगळ्यांनी बघून दोन सांगितले होते. आपण कोण तिसरं म्हणणाऱ्या? पण पुस्तक छापणाऱ्याला तरी खोटं लिहून काय मिळणार होतं?

"सरक," त्या म्हणाल्या. "आधी लाईट बंद कर त्याची."

"ते मला नको शिकवू," म्हणत संगप्पानं बोर्डावरची पिन उपसून काढली आणि त्यांना हाताला धरून टीव्हीपाशी नेलं.

फट चार बोटांचीही नव्हती. तुळजाबाईंनी हात उभा करून आत सारला. एका बाजूला गुळगुळीत टीव्ही, दुसऱ्या बाजूला खरखरीत भिंत. बोटांना पहिली वायर लागली. ती बॉक्सची. तिच्याखाली दुसरी, जाड, ती साउंडबारची. दुसरीच्या टोकाशी त्यांनी नख फिरवलं. वरून सरळ, खाली दोन्ही कोपरे तिरपे कापलेले. चौकोनी गळा कापताना खालचे कोपरे छाटले की जसा दिसतो, तसा. हा आकार त्यांच्या बोटांनी लक्षात ठेवला.

त्याच्या पुढं काही नव्हतं. नुसतं सपाट.

"न्हाई ना?" संगप्पानं विचारलं.

त्यांनी खांदा टीव्हीला टेकवला. हात आणखी आत रेटला, कोपरापर्यंत. भिंतीनं हाताची साल निघाली. आणि मग बोटांखालून सपाट भाग एकाएकी संपला. तिथं खळगा होता, कोटाच्या आतल्या खिशासारखा. बोटं खिशात शिरली. आतून वरच्या कडेला भोकं होती, सगळी खाली तोंड केलेली. एक गोल. एक लहानसं चौकोनी, बारीक झडप असलेलं. आणि एक वरून सरळ, कोपरे कापलेलं.

त्यांनी त्याच्यावरून पुन्हा बोट फिरवलं. मग पहिल्या दोघांवर. मग पुन्हा तिसऱ्यावर.

"हाय रे," त्या म्हणाल्या. "तिसरं हाय. तोंड खाली करून बसलंय."

"अय्यो!" संगप्पा पुन्हा गाल लावून बघू लागला. "मला तर आता बी दिसत न्हाई."

"तुला कसं दिसंल? बाजूनं बघून राहिलास. ते खालून हाय."

दुसऱ्या भोकातली वायर त्यांनी ओढून काढली. ती ताठ होती, वळायला तयार नव्हती. दोनदा हातातून सुटून खाली पडली आणि संगप्पानं गुडघे धरून ती उचलून दिली. तिसऱ्यांदा त्यांनी टोकाची छाटलेली बाजू अंगठ्याखाली धरली, खिशात नेली, भोकाची छाटलेली बाजू मधल्या बोटानं शोधली आणि दोन्ही एकमेकांवर आणली. हलकेच दाबलं. हुक बसावा तशी वायर बसली.

"लाव आता."

संगप्पानं टीव्ही आणि साउंडबार सुरू केले. बातम्या लागल्या. आवाज तोच, पाठीतून, घागरीतला. साउंडबार गप्प.

"न्हाई, अक्का," संगप्पा म्हणाला.

तुळजाबाई दिवाणावर बसल्या. हाताची आग होत होती. एवढं करून काय झालं? डिशवाल्या पोराचं खरं, वैजूचं खरं, आपलंच डोकं... त्यांनी पदरानं हात पुसला. तेवढ्यात त्यांना एक आठवलं. रोज सकाळी साउंडबार चालू केला की त्यातून एक बाई बोलते. "ब्लूटूथ" म्हणते. आताही चालू केल्यावर ती तेच म्हणाली होती. म्हणजे पिन उपसल्यावर टीव्हीशी त्याचं जोडलेलं सुटलं होतं, आणि हे धूड अजून ब्लूटूथचीच वाट बघत बसलं होतं.

त्या उठल्या, चाचपत साउंडबारपाशी गेल्या आणि वरची बटणं एकेक दाबून पाहू लागल्या. पहिल्या दोनांनी नुसतं टुक् केलं. तिसरं दाबलं, बाई म्हणाली, "ऑक्स." पुन्हा दाबलं. "ऑप्टिकल." या नावांनी इतके दिवस त्यांचं डोकं पिकवलं होतं. पुन्हा दाबलं.

"एचडीएमआय," बाई म्हणाली.

आणि सगळं गप्प झालं. घागरही गेली. खोलीत काहीच ऐकू येईना.

"बिघडलं, अक्का! होतं तेबी गेलं! वैजू काय म्हणंल?"

"दम धर."

तुळजाबाईंनी साउंडबारवर हात ठेवून वाट पाहिली. आणि मग त्यांच्या पोटासमोरून, अगदी हातभर अंतरावरून, एक बाई बोलली, "आता तेल चांगलं तापलं की मोहरी घालूया." बातम्या संपून कुठला तरी स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला होता. मोहरी तडतडली. एकेक दाणा वेगळा.

"संगप्पा, ओठ बघ तिचे."

"ओठ?"

"ओठ अन् बोलणं जुळतं का बघ. टीव्हीजवळ जाऊन बघ. ती बोलली की 'बोलली' म्हण, थांबली की 'थांबली' म्हण."

संगप्पा टीव्हीच्या काचेला नाक लावून उभा राहिला. "बोलून राहिली... बोलून राहिली... थांबली." त्याच क्षणी आवाज थांबला. "बोलली." आवाज आला. "थांबली. कोथिंबीर चिरून राहिली. बोलली."

दोघं म्हातारी माणसं पाच मिनिटं हा खेळ खेळत राहिली. एकदाही चुकलं नाही.

"वैजूला फोन लावू का?" संगप्पानं विचारलं. त्याला ही बातमी पोटात ठेवणं जड जात होतं.

"नको. संध्याकाळी म्याच सांगते. तू बी तवर गप बस."

*

दुपारभर त्या टीव्ही ऐकत बसल्या. आता आवाजांना जागा होती. टीव्हीतली माणसं टीव्हीपाशीच बोलत होती आणि रस्त्यावरचा भाजीवाला रस्त्यावर. चारच्या सुमारास दारातून "बबिता आली का?" असं विचारलं गेलं, तेव्हा तुळजाबाई चटकन म्हणाल्या, "पार्वती, न्हाई आली अजून. तू ये की. महिना होत आला, कामून रुसलीस?"

पार्वतीबाई दारात घोटाळली. "मला वाटलं तुमीच रुसलाव."

"टीव्हीतली बाई समजले गं तुला," तुळजाबाई म्हणाल्या. पार्वतीबाई आधी खरं मानेना, मग इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

दिवस कलला तशी संध्याकाळी काय सांगायचं, याची जुळवाजुळव तुळजाबाई मनात करू लागल्या. खळग्यापासून सुरुवात करावी की पुस्तकापासून? वैजूला वाईट वाटायला नको. डिशवाल्या पोराचीही चूक नाही, त्याला दिसण्यासारखंच नव्हतं ते. आधी पुस्तक, मग हात, मग खळगा. असंच सांगावं.

सात वाजता वैजनाथनं टीव्ही लावला आणि रिमोट हातात धरून उभाच राहिला.

"बबिता! हिकडं ये. हे बघ, ओठ जुळले!"

बबिता आली. शिवांगी आली. "खरंच की!"

"म्या म्हणलो होतो न्हाई? अपडेट आलं की होतंय," वैजनाथ म्हणाला. "ह्या टीव्ह्यांचं तसंच असतंय. आपोआप अपडेट येतंय. बरं झालं, परत न्यायची घाई केलो न्हाई."

"पप्पा, अपडेटनं असं होत नसतंय."

"मंग कशानं झालं? सांग की."

"अरे, त्याचं असं झालं," तुळजाबाईंनी सुरुवात केली, "की त्या पुस्तकात..."

"आज्जी, एक मिनिट, सुरू झालं," शिवांगी म्हणाली.

मालिका सुरू झाली होती. थोरली जाऊ आज सगळ्यांना खरं सांगणार होती, आठवडाभर त्याचीच चर्चा होती. तुळजाबाई थांबल्या. जाहिरात लागली की सांगावं. आता मध्येच बोललं तर पोरीचं ऐकायचं राहील. आणि खरं म्हणजे, त्यांचंही.

थोरली जाऊ हळू आवाजात बोलत होती, जवळजवळ कुजबुजत. नेमकी त्याच वेळी कुकरनं शिट्टी दिली. बबिता आत धावली. दुसरी शिट्टी झाली. मग जाहिराती लागल्या. वैजनाथला कुणाचा तरी फोन आला आणि तो अंगणात जाऊन बोलू लागला. "हाव, आपोआप झालं. अपडेट आलंय. तुमचं बी येईल, दम धरा." शिवांगीनं मोबाईल उघडला होता.

बबिता पोळ्यांच्या पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"काय म्हणली ती? शिट्टीत ऐकूच आलं न्हाई." शिवांगीनं मान वर केली नाही. बबितानं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा दिवाणाकडं. "आत्या, तुमी ऐकलाव का?"

तुळजाबाईंनी पाय जवळ घेतले आणि बाजूला हातानं थोपटून जागा दाखवली. बबिता टेकली.

"आधी लई वेळ बोललीच न्हाई," तुळजाबाई सांगू लागल्या. "नुसता कागद उघडला, पुन्हा मिटला. दोन डाव. मंग धाकटीला म्हणाली, जवळ ये. धाकटी आली, तिच्या पैंजणाचा आवाज झाला. तवा मंग थोरली म्हणाली..."

बाहेर वैजनाथ फोनवर समजावून सांगत होता. बबिता पिठाचे हात अधांतरी धरून ऐकत राहिली.